सेल्समनची गादी

इतवारीतल्या आमच्या साडीच्या दुकानात नोकरांचे दोनच प्रकार आहेत. बसणारे आणि उभे राहणारे. बसतो तो सेल्समन. उभी राहते ती सेल्सगर्ल. मी बावीस वर्षं सेल्सगर्ल होते. लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे गर्ल म्हटलं तर खपून जात होतं. मग लग्न झालं, दोन लेकरं झाली, थोरली कॉलेजात गेली, माझ्या भांगात पांढरे केस आले, तरी दुकानात मी गर्लच. ताराचंद शेठ गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगायचे, रोजच्या वापरातलं पाहिजे असेल तर तिकडं सेल्सगर्ल दाखवील. गिऱ्हाईक बिचारं इकडंतिकडं पोरगी शोधायचं आणि समोर मी, मेघा पराते, चष्मा लावून उभी.

दुकानाचा पुढचा भाग काउंटरचा. तिथं सुती साड्या, परकर, फॉल, ब्लाउजपीस. मागे दोन पायऱ्या चढून गेलं की खोलीभर पसरलेली गादी, वर पांढरीशुभ्र चादर. लग्नाचा बस्ता तिथं निघतो. लग्नघरची सगळी माणसं कोंडाळं करून बसतात आणि मधोमध सेल्समन मांडी घालून साड्यांवर साड्या उलगडत जातो. नवरीचा शालू, वरमाईची पैठणी, मानपानाच्या साड्या, आत्या-मावश्यांचे रुसवे, सगळं त्याच्या हातातून जातं. बस्ता बांधून झाला की घरातली मोठी बाई गठ्ठ्याला कुंकू लावते आणि सेल्समनच्या हातात नारळ आणि टॉवेल-टोपी देते. त्याला मान असतो. आम्ही पोरी खाली, गादीच्या काठाशी उभ्या राहून त्यानं उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालतो. गादीवर पाय ठेवायचा नाही.

काहून ठेवायचा नाही ते कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. लागले त्या वर्षी ऐन सिझनमध्ये एक साडी पलीकडे सरकली होती, ती घ्यायला मी सरळ गादीवर चढले. कोणी रागावलं नाही. शेठ उठले, गिऱ्हाइकांना हात जोडून जरा बाजूला व्हायला सांगितलं, गड्यानं चादर ओढून काढली, धुतलेली आणून अंथरली, शेठनं नवी उदबत्ती लावली आणि बस्ता पुढे चालू झाला. मी काठाशी उभी राहून घड्या घालत होते आणि माझे कान तापले होते. त्या दिवशी मला पाळी नव्हती. पण हे सांगणार कोणाला? आणि सांगून काय, चादर परत आणणार होते?

बरं, त्याच गादीवर गिऱ्हाईक बायका खुशाल मांडी घालून बसतात. म्हाताऱ्या बसतात, लेकुरवाळ्या बसतात, नवऱ्या मुली बसतात. त्यांना कोणी काही विचारत नाही. पैसे देणाऱ्या बाईचा विटाळ गादीला होत नाही, पैसे घेणाऱ्या बाईचाच होतो.

मला ह्याचं नवल वाटायला नको होतं. आम्ही कोष्टी. माझ्या लहानपणी घरात माग होता. बाप मागावर बसायचा, माय दिवसभर कांड्या भरायची, सूत उकलायची, खळ द्यायची, आणि बापाला ताप आला की मागावरही बसायची. पण विणकर कोण, असं कोणी विचारलं की सगळ्यांचं बोट बापाकडं. माय म्हणजे विणकराची बायको. पुढे माग गेला, बाप गेला, मी काउंटरला उभी राहिले. जागा बदलली, बोट तिकडंच राहिलं.

उभं राहून राहून माझ्या पोटऱ्यांवर शिरा सुजल्या. काउंटरमागे स्टूल ठेवू देत नाहीत, गिऱ्हाइकाला वाटतं पोरी आळशी आहेत. मागच्या वर्षी रक्त जायचं थांबेना, गाठींचं निदान झालं आणि माझी पिशवी काढली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, जास्त वेळ उभं राहायचं नाही. मी मान हलवली. माझी नोकरीच उभं राहण्याची आहे.

पण खरं सांगते, दवाखान्यात पडल्यापडल्या माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो गादीचा. शालिकराम काका आमचे मोठे सेल्समन, मूळचे उमरेडचे, आमच्यातलेच. त्यांचे गुडघे आता वळत नव्हते. बसले की दोघांनी धरून उठवायचं. त्यांच्यानंतर गादीवर कोण, हे ठरायचं होतं आणि दुकानात मला जेवढं येतं तेवढं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. एकच आडकाठी होती, ती डॉक्टरीणबाईंनी ट्रेमध्ये काढून ठेवली होती. असा विचार मला यावा याची मला किळस आली, पण आला. पायांना बसायचं होतं.

कामावर परत आले त्याच आठवड्यात शालिकराम काकांनी शेठजवळ विषय काढला. मी काउंटरमागच्या कपाटात साड्या लावत होते, त्यांना दिसत नव्हते. काका भला माणूस, लाजत लाजत बोलले.

"शेठजी, मेघाले बसवा आता गादीवर. आता तिचं काही राह्यलं नाही. पिशवी काढली ना तिची."

शेठनं चहाचा घोट घेतला. विचार केला. मग म्हणाले, तसं असेल तर हरकत नाही.

झालं. माझं गर्भाशय दोन म्हाताऱ्यांनी चहा पितापिता निकालात काढलं. मी कपाटात तोंड घालून उभी होते आणि मला रडू यायच्या ऐवजी आनंद झाला. तो आनंद मी अजून स्वतःला माफ केलेला नाही.

शेठचा मुलगा कुशल पुण्याहून शिकून आलाय. त्याला दुकान नव्या पद्धतीचं करायचंय, मनीषनगरात शोरूम काढायचीय. सुरुवात म्हणून त्यानं सगळ्यांना नावाचे बिल्ले करायला टाकले. माझ्याजवळ येऊन हसत म्हणाला, ताई, तुमच्या बिल्ल्यावर सेल्समन टाकून राहिलो, प्रमोशन. मी विचारलं, सेल्सवुमन असं नसते काय? पोरीच्या पुस्तकात पाहिला होता तो शब्द. तो म्हणाला, असते ना, पण मार्केटमध्ये कोणी म्हणत नाही, विचित्र वाटते, सेल्समन म्हटलं की वजन येते. पोरगा वाईट नाही. त्याच्या दुकानात दोनच मापं होती, एक पोरीचं आणि एक पुरुषाचं. मधलं माप स्टॉकमध्ये नव्हतं. मी सोनेरी बिल्ला साडीला टोचला आणि आरशात पाहिलं. वजन खरंच आलं होतं.

माझा पहिला बस्ता उमरेडकडच्या एका शेतकरी कुटुंबाचा. नातवाचं लग्न होतं, नवऱ्या मुलाची आजी गोदूबाई सगळ्यांची मुखत्यार. ठसठशीत कुंकू, नऊवारी, आवाज मोठा. शेठनं मला मानेनं खूण केली. मी चपला काढल्या, दोन पायऱ्या चढले आणि पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसले. काय सांगू तुम्हाला. ती गादी इतकी मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या पोटऱ्यांना पहिल्यांदा कळलं की दुपार अशीही जाते.

मी साड्या उलगडायला लागले. काठाशी वैभवी घड्या घालत होती. वैभवी तेवीस वर्षांची, गेल्या दिवाळीला लागलेली, चुणचुणीत पोरगी. माझ्याकडं पाहून ती गालात हसत होती, जशी काही तीच गादीवर बसली होती. पाहुण्यांच्या साड्या झाल्या, आत्यांच्या झाल्या, वरमाईला जांभळी पैठणी पसंत पडली. तेवढ्यात गोदूबाई माझ्या बिल्ल्याकडं पाहायला लागल्या, मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं, मग खाली चादरीकडं.

"काहून वं," त्यांनी सरळ विचारलं, "तू गादीवर कशी? तुले चालते काय? लग्नाचा बस्ता आहे आमचा."

मी तोंड उघडलं होतं. मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती, बावीस वर्षं तेच तर केलं. पण शेठना माझा कैवार घ्यायचा होता. गल्ल्यावरून त्यांनी मोठ्यानं, अगदी प्रेमानं सांगितलं, "आजी, काळजी नका करू. पिशवी काढली आहे तिची. आता बाईचं काही राह्यलं नाही तिच्यात."

नवऱ्या मुलाचे काका छताकडं पाहायला लागले. मोबाइल पाहणारी दोन पोरं हसली. कुशल बिलाच्या मशीनमध्ये डोकं घालून बसला. गोदूबाईंचा चेहरा मात्र निवळला.

"असं होय," त्या म्हणाल्या, "मंग बस वं माय, बस."

मी बसले. मी साड्या दाखवत राहिले. माझे हात चालत होते आणि मला वाटत होतं की ती सगळी माणसं साडीकडं नाही, माझ्या पोटाकडं पाहताहेत. नवरीचा शालू तेवढा बाकी ठेवला, तो नवरी मुलगी उद्या येऊन पसंत करणार होती. बाकीचा बस्ता बांधला. गोदूबाईंनी गठ्ठ्याला कुंकू लावलं, नारळ माझ्या हातात दिला. टॉवेल-टोपी हातात घेऊन त्यांचा मुलगा घुटमळला. मग म्हणाला, टोपी तुमच्या मालकाले द्या.

दिली. घरी आमचे जितेंद्रराव ती टोपी घालून आरशासमोर उभे राहिले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाले, बरी बसते. मी भाकरी थापत होते. दुकानात काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैभवी माझ्या आधी येऊन काउंटर पुसत होती. मला वाटलं कालचं ऐकून ती चिडली असेल. मी तिच्या वयाची असते तर चिडले असते. ती भिंतीला टेकून एका पायावर भार देऊन उभी होती, दुसऱ्या पायाची पोटरी दाबत. नरमाईनं तिनं विचारलं, "ताई, ते ऑपरेशन लवकर नाही करता येत काय?"

मला कळायला वेळ लागला. मग तिनंच सांगितलं. तिच्या आईचंही चाळिशीत काढलं, मावशीचंही. म्हणजे तिचंही कधी ना कधी होणारच. मग उगाच वीस वर्षं उभं राहण्यापेक्षा लग्न होऊन एखादं लेकरू झालं की काढून टाकायचं आणि गादीवर बसायचं. तिनं सगळा हिशेब लावला होता. पोरी जशा बीएडचा किंवा टायपिंगच्या परीक्षेचा विचार करतात तसा.

मी तिला काय म्हणाले ते मला आठवत नाही. पण माझं डोकं जे फिरलं ते फिरलं. माझ्यावर जे झालं ते मी गिळलं असतं. अजून कितीतरी गिळलंच आहे. पण ही पोरगी माझ्याकडं पाहून शिकली होती. मी गादीवर जाऊन बसले आणि तिला रस्ता दाखवला, आणि तो रस्ता ऑपरेशन थिएटरातून जात होता.

गोदूबाईंची माणसं अकराच्या सुमाराला आली. सोबत नवरी मुलगी, प्रणाली. बारकीशी, मान खाली घालून हसणारी, आईचा पदर धरल्यासारखी तिच्या मागेमागे. सासरच्या बायकांनी तिला कौतुकानं मधोमध बसवलं. शेठनं मला खूण केली. मी शालूंचा गठ्ठा उचलला आणि गादीच्या काठाशी, खाली, वैभवीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिथूनच पहिला शालू उलगडून गादीवर टाकला. शालिकराम काका भिंतीशी खुर्चीवर होते, ते हातानं बस बस करायला लागले. मी दुसरा शालू टाकला. गादीवरची सेल्समनची जागा रिकामी होती.

गोदूबाईंच्या ते नजरेत आलंच. "काहून उभी वं आज? काल तर चांगली बसली होती."

ह्याच प्रश्नासाठी मी उभी होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"या गादीले बाईचा विटाळ होते, आजी. काल शेठजीनं सांगितलं ना तुम्हाले? ही वैभवी बाई आहे म्हणून उभी राह्यते. मी पण बाईच आहे. पिशवी काढली तरी बाईच आहे."

शेठचा नोटा मोजणारा हात थांबला. कुशलनं मान वर केली नाही. मला बरं वाटत होतं, खूप बरं वाटत होतं. बावीस वर्षं जे चादरीखाली दाबून ठेवलं होतं ते मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ओढून बाहेर काढलं होतं. आता शेठनं कामावरून काढलं असतं तरी मला पर्वा नव्हती. बोला म्हणावं आता, असं मनात म्हणत मी त्यांच्याकडं पाहत होते.

म्हणून प्रणालीकडं माझं लक्ष गेलं नाही. वैभवीनं माझा हात दाबला तेव्हा मी पाहिलं. नवरी पोरगी चादरीकडं पाहत होती. चेहरा पांढरा पडला होता. आईच्या कानाशी ती काहीतरी पुटपुटली आणि आईनं डोळे मिटून घेतले. मग ती हळूच उठली, गोळा केलेली ओढणी मागे धरली, सासरच्या सगळ्या बायकांच्या मधून वाट काढत दोन पायऱ्या उतरली आणि आमच्या रांगेत येऊन उभी राहिली.

गोदूबाई रागावल्या नाहीत. समजुतीनंच बोलल्या, "आधी सांगाव लागते ना पोरी. शुभकार्य आहे." बाकीच्या बायका आपापले पदर सावरून जरा बाजूला सरकल्या. एकीनं दुसरीकडं पाहिलं. प्रणालीच्या आईला कुठं पाहावं ते कळेना.

शेठ उठले. गिऱ्हाइकांना हात जोडले. गड्यानं चादर ओढून काढली, धुतलेली अंथरली, नवी उदबत्ती लावली. इतकी वर्षं गिऱ्हाईक बाईसाठी ही चादर कधी बदलली नव्हती. त्यांना सूट होती, कारण गोष्ट कोणी तोंडानं बोलत नव्हतं. मी बोलले आणि त्यांचीही सूट गेली. मी दगड शेठवर भिरकावला होता. शेठ धुतलेल्या चादरीशेजारी उभे राहून घड्याळ पाहत होते, आणि लागला होता तिला, जिचं मी कालपर्यंत नावही ऐकलं नव्हतं.

सगळ्या जणी परत बसल्या. गोदूबाईंनी मला सांगितलं, आता लांबूनच दाखव तिले. काल माझ्याशी बोलत होत्या तशाच मायेनं. शालिकराम काका गुडघे धरत कसेबसे गादीवर जाऊन बसले आणि शालू उलगडायला लागले. शेठ गल्ल्यावर जाऊन परत नोटा मोजायला लागले. मला काही बोलायची त्यांना गरज राहिली नव्हती.

आम्ही तिघी काठाशी उभ्या होतो. प्रणाली मधे, मी एका बाजूला, वैभवी दुसऱ्या बाजूला. समोर तिच्या लग्नाचे शालू पसरत होते, हिरवा, जांभळा, मोरपंखी, आणि सासरच्या बायका हात लावून पोत बघत होत्या. मी तिला म्हणाले, माफ कर माय, तुले नव्हतं म्हटलं. ती म्हणाली, नाही ताई, माझंच चुकलं. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसं वाटलं.

मी तिला विचारलं, कोणता आवडला. ती म्हणाली, कोणताही चालते. मग तिचे डोळे काकांच्या हातातल्या डाळिंबी शालूवर थांबलेले मला दिसले. मी हात लांब करून तो मागून घेतला, पदर उलगडला आणि रंग कसा खुलतो ते दाखवायला तिच्या खांद्याशी नेला. शालूला आपला स्पर्श होऊ नये म्हणून ती पटकन मागे सरकली.